दाताची कीड आणि तोंडातली जिवाणूंची वस्ती
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



कीड हा शब्द तुम्हाला नवा नाही. कपाशीवरची बोंडअळी, उसातली खोडकीड, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी, यांच्याविषयी या कार्यक्रमात पुष्कळदा बोलणे होते. आज मात्र एका वेगळ्या किडीविषयी बोलायचे आहे. ती शेतात नसते, आपल्या तोंडात असते.

'दाढ किडली', 'दाताला कीड लागली' असे आपण सहज म्हणतो. शब्द तोच असल्यामुळे पुष्कळांची समजूत अशी, की दाढेत खरोखरीच एखादी अळी शिरते आणि ती दात पोखरते. अशी अळी काढून देतो म्हणणारे लोकही गावोगावी भेटत आले आहेत. रिंगणीच्या बियांची धुरी नळीने तोंडात देतात आणि थोड्या वेळाने पाण्यात पडलेली पांढरी बारीक अळीसारखी वस्तू दाखवतात. मंडळी, ती वस्तू दाढेतून आलेली नसते. दाढेत अळी राहतच नाही. धुरीनंतर एखाद्याला घटकाभर बरे वाटतेही, पण दाढेतले भोक तसेच राहते आणि आतल्या आत वाढत जाते. वर्ष-सहा महिन्यांनी तीच दाढ उपटून टाकायची पाळी येते.

मग दात किडतो तो कशाने? आणि दाताच्या दुखण्याचा बाकीच्या शरीराशी काही संबंध आहे का? आज आपण हेच समजावून घेऊ.

तोंडात कोण कोण राहते?

दुधाला विरजण लावले की रात्रीतून दही होते. हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीपूर्वी आपण रायझोबियमचे जिवाणू संवर्धक चोळतो. ते मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणजे जिवाणू म्हटले की रोगच, असे नाही. काही आपल्या उपयोगाचे, काही अपायाचे आणि पुष्कळसे असे, की परिस्थिती बदलली की त्यांचे वागणे बदलते.

आपल्या तोंडातही जिवाणूंची अशीच मोठी वस्ती असते. ती पहिल्यांदा पाहिली हॉलंड देशातल्या लेव्हेनहूक नावाच्या एका कापड दुकानदाराने. डेल्फ्ट गावच्या या माणसाला काचेची भिंगे घासून तयार करण्याचा नाद होता. त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ खरवडून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. ही हकीकत त्याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. आपल्या देशात जेवढी माणसे नाहीत, तेवढे जीव माझ्या एकट्याच्या तोंडात आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहिले होते.

आज शास्त्रज्ञांना माणसाच्या तोंडात सापडणाऱ्या जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती माहीत आहेत. अर्थात सगळ्या जाती एकाच तोंडात नसतात. शेतात बांधावरचे तण वेगळे, पाणथळीतले वेगळे. तसेच जिभेवरचे जिवाणू वेगळे, दातांच्या फटीतले वेगळे आणि हिरडीच्या खाली हवा पोचत नाही तिथले आणखी वेगळे. यांतले बहुतेक आपल्याला त्रास देत नाहीत. उलट त्यांनी जागा अडवून ठेवल्यामुळे बाहेरच्या रोगकारक जंतूंना तिथे सहज शिरकाव मिळत नाही. म्हणून आपले काम ही वस्ती नाहीशी करण्याचे नाही, तिचा तोल राखण्याचे आहे. तुम्ही हे शेतात अनुभवले आहे. उठल्यासुटल्या कडक औषध फवारले की मित्रकीटकही मरतात आणि मग नको ती कीड जोमाने वाढते.

दात किडतो कसा?

मिलर नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य जर्मनीत बर्लिन येथे संशोधन करीत होता. त्याने काढलेले दात, माणसाची लाळ आणि पाव किंवा साखर एकत्र ठेवून पाहिले. लाळेतल्या जिवाणूंनी पाव आणि साखर आंबवली, आम्ल तयार झाले आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळू लागले. १८९० साली त्याने हे ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क या शास्त्रज्ञाने किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जिवाणू वेगळा काढला. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. हा जिवाणू साखरेपासून आम्ल तर करतोच, शिवाय डिंकासारखा एक चिकट पदार्थही तयार करतो. त्या डिंकाने तो दाताला घट्ट चिकटून बसतो आणि दुसऱ्यांनाही चिकटवून घेतो. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली तर जो बुळबुळीत थर लागतो, तो हाच.

आता कोणी म्हणेल, दोष साखरेचा की जिवाणूचा? याचेही उत्तर मिळाले आहे. १९५४ साली अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात एकही जंतू नसलेल्या बंदिस्त जागेत उंदीर वाढवले गेले. त्यांना भरपूर साखर खायला घातली, तरी त्यांचे दात किडले नाहीत. म्हणजे नुसत्या साखरेने दात किडत नाही. जिवाणू हवेत, त्यांना साखर हवी आणि त्यांना वेळही मिळायला हवा. तिन्ही जमले की कीड लागते. पिकावर करपा येतो तोही असाच. रोगाचे बीज, बळी पडणारे पीक आणि सोयीचे हवामान, यांतले एक काढून घेतले की रोगाचा जोर मोडतो.

तुम्ही माती तपासून घेता तेव्हा अहवालात 'सामू' लिहून येतो. सात म्हणजे मध्यम, त्याच्या खाली आम्लधर्मी. लाळेचा सामू साधारण सातच्या आसपास असतो. गोड खाल्ले की दातावरच्या थरातला सामू काही मिनिटांतच उतरतो. तो सुमारे साडेपाचच्या खाली गेला की दातातली क्षारद्रव्ये विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि अर्ध्या ते एका तासात सामू पुन्हा पूर्वपदावर येतो. एवढेच नव्हे, लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतात. ते दाताची झीज थोडीथोडी भरूनही काढतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात तयार होते. ती काही फुकट नाही मंडळी, ती दातांची राखण करीत असते.

आता साधा हिशेब करू. सकाळी उठल्यावर गोड चहा, न्याहरीबरोबर चहा, शेतावर दहाला चहा, दुपारी चहा, चारला चहा, गावात आल्यावर हॉटेलात चहा, रात्री पाहुणा आला म्हणून आणखी एक. झाले सात. प्रत्येक वेळी दात निदान अर्धा तास आम्लात, म्हणजे दिवसाचे साडेतीन तास. त्याऐवजी तीच साखर दोन वेळच्या जेवणाबरोबर पोटात गेली असती तर दात तासभरच आम्लात राहिले असते. म्हणजे साखर किती खाल्ली याच्याइतकेच, किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे.

स्वीडनमध्ये १९४५ नंतर काही वर्षे विपहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत यासंबंधी मोठा प्रयोग झाला. तिथल्या असहाय माणसांना न विचारता तो केला गेला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात थोडे किडले, तर जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले.

इथे गुळाविषयी सांगितले पाहिजे. गूळ नैसर्गिक, म्हणून दाताला चालतो, अशी समजूत आहे. गुळात लोह आणि खनिजे थोडी असतात हे खरे. पण त्यातला मोठा भाग उसाची साखरच असते आणि जिवाणूला गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही. त्यातून गूळ चिकट, फटीत अडकून राहतो. तेव्हा गूळ खायचा तर जेवणाबरोबर खावा आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. गुऱ्हाळाच्या दिवसांत दिवसभर काकवी चाखणे आणि उसाची कांडी चघळणे चालू असते. त्या दिवसांत तर हे विसरू नये. उलट भाकरी, भाजी, डाळ, शेंगदाणे, काकडी, मुळा असे चावून खाण्याने लाळ सुटते आणि ती दातांना लाभते.

कीड एकदम भोक पाडून येत नाही. सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत काळजी घेतली, फ्लोराइडची पेस्ट वापरली, तर डाग थांबू शकतो, काही वेळा भरूनही येतो. भोक पडल्यावर मात्र ते आपणहून बुजत नाही. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरते, पण दाताचे कवच पुन्हा उगवत नाही.

हिरड्यांचे दुखणे

दात किडला की ठणका लागतो, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. हिरड्यांचे दुखणे असे ओरडून सांगत नाही. दात घासताना थुंकीत थोडे रक्त दिसते, तोंडाला वास येतो, बस्स. मग वर्षे जातात आणि पंचेचाळीस-पन्नाशीत चांगले न किडलेले दात हलू लागतात. 'वय झालं, आता पडायचेच' असे म्हणून आपण सोडून देतो. बंधूंनो, दात वयाने पडत नाहीत. हिरडीखालचे हाड झिजते म्हणून पडतात आणि ते झिजणे पुष्कळ अंशी टाळता येते.

१९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दातांवरचा थर जसा जाड होत गेला, तशा त्यातल्या जिवाणूंच्या जातीही बदलत गेल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली, तेव्हा साधारण आठवड्याभरात हिरड्या बऱ्या झाल्या.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, थर रोज मोडला नाही तर कोणाच्याही हिरड्या बिघडतात. दुसरी, सुरुवातीचे दुखणे घरच्या घरी परतवता येते. हिरडीतून रक्त येते म्हणून तिथे घासायचे सोडू नका. मऊ ब्रशने हलक्या हाताने तिथे अधिक नीट घासा. आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबले नाही तर दाखवा.

थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा कडक होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते. 'दात साफ केले की हलायला लागतात' असे लोक म्हणतात. वस्तुस्थिती अशी, की हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या आधाराने दात उभे असतात. कीटण निघाले की खरी स्थिती समजते, इतकेच.

तोंडाचा बाकीच्या शरीराशी संबंध

आता थोडे अंगाच्या इतर दुखण्यांविषयी.

पहिला मधुमेह. ज्याची साखर वाढलेली, त्याच्या हिरड्या लवकर सुजतात आणि उशिरा बऱ्या होतात. उलट बाजूने, हिरड्यांत कायम सूज असली की रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत सरासरी साखर थोडी उतरते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी गोळ्या आणि पथ्य यांच्या जोडीला हिरड्याही तपासून घ्याव्यात. गोळ्या मात्र बंद करू नयेत.

दुसरे हृदय. हिरडीतून तोंडातले जिवाणू रक्तात जाऊ शकतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करते. पण ज्यांच्या हृदयाची झडप खराब आहे किंवा बदललेली आहे, त्यांच्या झडपेवर हे जिवाणू बसून गंभीर आजार होऊ शकतो. अशा रुग्णांनी दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना ही गोष्ट न चुकता सांगावी. हृदयविकाराचा झटका आणि हिरड्यांचे दुखणे एकाच माणसात पुष्कळदा आढळतात. मात्र एकामुळेच दुसरे होते हे सिद्ध झालेले नाही. दोघांचे मूळ तंबाखू आणि मधुमेह यांत असू शकते.

तिसरे, घरातले म्हातारे माणूस. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या तोंडातली घाण लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमध्ये वृद्धाश्रमांत रोज नेमाने तोंडाची निगा ठेवून पाहिली, तेव्हा न्यूमोनियाचे प्रमाण कमी झाले. २००२ साली हे प्रसिद्ध झाले आहे. आपण त्यांचे अंग पुसतो, कपडे बदलतो, तसे जेवणानंतर डोके उंच करून तोंडही स्वच्छ करावे. एकही दात नसला तरी हिरड्या आणि जीभ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावी. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी.

चौथी गोष्ट चांगली आहे. मेथी, पालक, बीट अशा भाज्यांत नायट्रेट असते. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि पुढे त्यापासून शरीरात असा पदार्थ बनतो की रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरायला मदत होते. हे काम आपले शरीर एकट्याने तेवढे करू शकत नाही. म्हणून गुळण्यांची कडक जंतुनाशक औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज वापरू नयेत. ती शत्रूबरोबर मित्रांनाही मारतात. जीभ साफ करण्याची आपली जुनी सवय मात्र चांगली आहे, फक्त रक्त निघेल इतकी खरवडू नये.

कशाने घासावे?

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, मीठ यांनी दात चकचकीत दिसतात. पण ते चकचकणे म्हणजे दाताचे कवच घासून निघणे. भांडे राखेने घासले तर चालते, कारण भांडे नवे आणता येते.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. टोक चावून मऊ कुंचल्यासारखे करावे आणि हळू घासावे. अडचण अशी की काडी मागच्या दाढांना आणि आतल्या बाजूला नीट पोचत नाही, आणि कीड जास्त लागते ती तिथेच. शिवाय काडीत फ्लोराइड नसते. म्हणून मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट हे जास्त भरवशाचे. महागडी पेस्ट लागत नाही. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण लगेच पाण्याने खळखळून धुऊन टाकू नये. थोडे फ्लोराइड दातांवर राहू द्यावे.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा काही जिल्ह्यांत कित्येक विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. गावातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाण्याची तपासणी करून घ्या आणि मुलांनी पेस्ट किती वापरावी हे डॉक्टरांना विचारा.

आता मशेरीविषयी, आणि हे विशेष करून माझ्या भगिनींना सांगायचे आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून सकाळी सुरू होते, मग दुपारी, मग रात्री, आणि ती लावल्याशिवाय काम सुचत नाही. हे दात घासणे नाही, व्यसन आहे. दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तरी पुडी मिळते आणि खाल्ली जाते, हे आपण सर्व जाणतो. जिथे तंबाखू ठेवता तिथली हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. सुपारीने गाल आतून ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

लहान मुलांचे दात

'दुधाचे दात, पडणारच आहेत' असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पण दुधाची दाढ किडली की मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही, वजन वाढत नाही. दाढ वेळेआधी काढली तर मागचे दात पुढे सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूल साधारण सहा वर्षांचे झाले की सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून आईबापांना वाटते ही दुधाचीच. ती पक्की दाढ असते, जन्मभर पुरायची असते आणि पुष्कळ मुलांची ती दहाव्या-बाराव्या वर्षीच किडलेली असते. आज घरी सहा-सात वर्षांचे मूल असेल तर उजेडात त्याचे तोंड उघडून मागे पाहा.

किडीचे जिवाणू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. ते पुष्कळदा आईच्या किंवा घरच्यांच्या लाळेतून त्याच्याकडे येतात. आपण उष्टा केलेला चमचा बाळाच्या तोंडात घालू नये आणि घास चावून भरवू नये. आईचे स्वतःचे दात बरे असले की बाळाचेही बरे राहायला मदत होते. रडते म्हणून गुळाचे किंवा मधाचे बोट तोंडात देणे, साखरेचे दूध बाटलीत घालून बाटली तोंडात ठेवूनच निजवणे, हे टाळावे. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचे काम मोठ्या माणसाचेच आहे.

दुखू लागल्यावर

ठणका लागला की कोणी दाढेत तंबाखूची गोळी धरतो, कोणी पेट्रोलचा बोळा ठेवतो. याने हिरडी आणि गाल भाजतात. लवंगेच्या तेलाने तात्पुरते बरे वाटते, पण तो उपचार नव्हे. दुकानातून स्वतःच्या मनाने जंतुनाशक गोळ्या आणून दोन दिवस खाणे हेही बरोबर नाही. गोळीने भोक बुजत नाही आणि अर्धवट घेतलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात. हे फवारणीच्या बाबतीत तुम्ही पाहिलेलेच आहे.

'वरची दाढ काढली तर डोळा जातो म्हणतात, खरं का हो डॉक्टर?' हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. खरे नाही. दृष्टीची नस वेगळी, दाढेची वेगळी. मात्र गाल किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असे झाले तर रात्र असली तरी वाट पाहू नका. दवाखाना गाठा. दाढेचा पू गळ्यात उतरून जीवही जाऊ शकतो.

भोक लहान आहे तोवर दात भरून घेणे स्वस्त आणि सोपे. काढायची पाळी आली तर मग कवळी, न चावता गिळलेला घास, हे सगळे मागे लागते. जिल्हा रुग्णालयात दातांची तपासणी होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताच, तर वर्षातून एकदा दातही दाखवून यावे.

आता शेवटी, घरी लिहून ठेवण्यासारख्या गोष्टी सांगतो.

१. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे दात घासा. झोपेत लाळ फार कमी सुटते. राखणदार नसलेल्या शेतात जनावरे शिरावीत तसे जिवाणूंना तेव्हा मोकळे रान मिळते. दिवसात एकदाच नीट घासणे जमणार असेल तर ते रात्री जमवा. सकाळी घासालच.

२. गोड जेवणाबरोबर खा. मधल्या वेळचे गोड चहा कमी करा, निदान साखर कमी करा. प्रत्येक वेळी चूळ भरा.

३. हिरडीतून रक्त येणे हे दुखण्याचे पहिले लक्षण समजा.

४. मशेरी, तंबाखू, गुटखा सोडा. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्या.

५. सहा वर्षांच्या मुलाची मागची दाढ आजच पाहा.

६. म्हाताऱ्या माणसांचे तोंड रोज स्वच्छ ठेवा.

बंधू-भगिनींनो, या सगळ्याला खर्च फार नाही. एक ब्रश तीन महिने पुरतो. रात्रीची दोन मिनिटे मात्र रोज द्यावी लागतात. भाकरीचा घास दाताने मोडून खाण्याचे सुख साठीनंतरही तुमच्या वाट्याला राहावे, एवढ्यासाठी आजचे हे सांगणे.

नमस्कार.